कारखाना आला आणि माणसाचा दिवस बदलला

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जाणार की नव्या तयार होणार, या वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "औद्योगिक क्रांतीच्या वेळीही लोक असेच घाबरले होते. शेवटी सगळ्यांचं भलंच झालं ना?" वाक्य खोटं नाही. पण ते भलं व्हायला दोन पिढ्या गेल्या, ते आपोआप झालं नाही, आणि सगळ्यांचं तर नाहीच झालं. मधल्या काळात ज्यांची आयुष्यं खर्ची पडली त्यांना वगळून हा इतिहास सांगितला, तर आजच्या प्रश्नाचं उत्तरही चुकतं. म्हणून तो काळ मुळापासून समजून घेऊ.

औद्योगिक क्रांती म्हणजे साधारण १७६० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये घडलेला बदल. हाताने, घरात होणारं काम यंत्रांकडे आणि कारखान्यांत गेलं. माणसाच्या आणि जनावराच्या ताकदीची जागा आधी वाहत्या पाण्याने आणि मग कोळशावर तयार होणाऱ्या वाफेने घेतली.

त्याआधी काम कुठे होत होतं?

घरात. व्यापारी कापूस किंवा लोकर घरोघर पोचवायचा. बायका आणि मुलं ती पिंजायची, कातायची, घरातला पुरुष बहुधा मागावर बसायचा, आणि तयार कापड व्यापारी घेऊन जायचा. मजुरी नगावर मिळायची. जोडीला अनेकांकडे जमिनीचा एखादा तुकडा असायचा.

त्या काळाचं गोड चित्र रंगवायची गरज नाही. कष्ट भरपूर होते, व्यापारी दर पाडून मागायचा, आणि लहान मुलं तेव्हाही राबत होती. पण कधी उठायचं, कधी थांबायचं, आज किती करायचं आणि उद्यावर किती ढकलायचं, हे कारागिराच्या हातात होतं. सोमवारी बरेच कारागीर कामाला हातच लावत नसत. 'सेंट मंडे' म्हणून ती सुट्टी रूढच झाली होती. मग आठवड्याच्या शेवटी रात्री जागून थान पुरं करायचं. काम संपलं की दिवस संपला, असा हिशोब होता.

एका अडचणीतून सुरू झालेली साखळी

१७३३ मध्ये जॉन के याने धावता धोटा काढला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. त्यामुळे विणकराचा हात झपाट्याने चालू लागला आणि सूत कमी पडू लागलं, कारण एका मागाला पुरेल इतकं सूत कातायला आधीच कित्येक जणी लागत. म्हणजे आता अडचण कताईत होती. १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्जने 'स्पिनिंग जेनी' बनवली. तिच्यावर एकच माणूस एका वेळी अनेक चात्या (सूत कातून गुंडाळणाऱ्या फिरत्या काड्या) फिरवू शकत होता. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइटने पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या कताई यंत्राचं पेटंट घेतलं. १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टनने या दोन्हींचे गुण एकत्र करून 'म्यूल' तयार केलं, आणि त्यावर बारीक आणि मजबूत सूत निघू लागलं.

फरक किती पडला? आर्थिक इतिहासकारांच्या अंदाजानुसार १०० पौंड वजनाचा कापूस हाताने कातायला ५०,००० तासांहून जास्त श्रम लागायचे. म्हणजे रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस काम करणाऱ्या एका माणसाची जवळजवळ १७ वर्षं! १७८० च्या म्यूलवर तेच काम साधारण २,००० तासांत होऊ लागलं आणि १८२५ च्या सुमारास आलेल्या स्वयंचलित म्यूलवर सुमारे १३५ तासांत. १७ वर्षांचं काम दोन आठवड्यांत. ज्या समाजात असं घडेल तो आधीसारखा राहणं शक्यच नव्हतं.

हे ब्रिटनमध्येच का घडलं, यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. मला पटणारं उत्तर असं: तिथे मजुरी इतर देशांच्या मानाने महाग होती आणि कोळसा स्वस्त. त्यामुळे माणसाऐवजी यंत्र लावणं परवडत होतं. शिवाय भारतीय सुती कापडाने तिथल्या बाजाराला अशी भुरळ घातली होती की १७०० आणि १७२१ मध्ये संसदेला त्यावर बंदीचे कायदे करावे लागले. मागणी तयार होती, पुरवठा रोखलेला होता. तसं कापड स्वतः बनवू शकेल त्याला पैसाच पैसा होता.

कारखाना म्हणजे नुसती यंत्रांची खोली नव्हे

१७७१ मध्ये आर्कराइटने डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्ड इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली. माझ्या मते समाज बदलणारी खरी गोष्ट ही होती. जेनी घरात ठेवता येत होती. पाण्याच्या चाकाला जोडलेलं यंत्र घरात नेता येणार नव्हतं, म्हणून माणसांना यंत्राकडे यावं लागलं. नदीकाठी पुरेशी माणसं नव्हती, म्हणून आर्कराइटने कामगारांसाठी घरं बांधली. महागडं यंत्र रिकामं ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून १२-१२ तासांच्या दोन पाळ्या आल्या. पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाने चाक फिरवता येऊ लागलं, तेव्हा नदीचीही गरज उरली नाही आणि गिरण्या थेट शहरांत उभ्या राहिल्या.

आता दिवसाचा हिशोब बघा. एकाच चाकावरून किंवा इंजिनावरून शेकडो चात्या फिरत असतील, तर एकाने उशिरा यायचं आणि दुसऱ्याने लवकर जायचं, हे चालणार कसं? मळणीच्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पातीत प्रत्येक बैलाला शेजारच्याच्या चालीने चालावं लागतं, मधेच थांबता येत नाही. गिरणीत माणसांचं तेच झालं. फरक इतकाच की चाल ठरवणारं इंजिन दमत नव्हतं.

घंटा, भोंगा, कुलूपबंद फाटक, दोन मिनिटं उशीर झाला तर दंड, कामात बोललं तर दंड. पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणं हा एक धंदाच झाला. मालक सकाळी घड्याळ पुढे करतात आणि संध्याकाळी मागे, अशा तक्रारी कामगारांनी नोंदवून ठेवल्या आहेत. वेळ ही मोजून विकायची वस्तू झाली. पुढे रेल्वेने हेच देशभर नेलं. आधी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चालायची आणि ब्रिस्टल लंडनच्या सुमारे १० मिनिटं मागे असायचं. वेळापत्रकासाठी १८४० च्या दशकात रेल्वे कंपन्यांनी लंडनची वेळ सगळीकडे लावली. कायद्याने ती १८८० मध्ये एक झाली. 'ऑफिसची वेळ', 'कामाचे तास', 'सुट्टीचा दिवस' या गोष्टी आज आपल्याला निसर्गनियमासारख्या वाटतात, पण त्यांची आजची घडी गिरणीत बसली.

घरात काय उलथापालथ झाली?

पहिला फटका बायकांना बसला, आणि याची चर्चा फार कमी होते. चरख्यावर सूत कातून मिळणारा पैसा हा लाखो कुटुंबांचा आधार होता. तो काही दशकांत नाहीसा झाला. ज्या बायका गिरणीत गेल्या त्यांना पुरुषांपेक्षा कितीतरी कमी मजुरी मिळाली. मालकांना त्याच हव्या होत्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि कारागीर संघटनांची सवय त्यांना नव्हती. 'घर' आणि 'काम' या दोन जागा वेगळ्या झाल्या. कमावणारा बाहेर जातो आणि घर सांभाळणारी घरात राहते, हे आज 'पारंपरिक' म्हणून सांगितलं जाणारं चित्र बऱ्याच अंशी याच काळात पक्कं झालं. शेतकरी किंवा विणकर कुटुंबात अशी फाळणी नव्हती.

मुलांचं तर विचारूच नका. चालू यंत्राखाली शिरून कापूस गोळा करायला आणि तुटलेले धागे जोडायला लहान देह आणि लहान बोटं हवी होती. अनाथालयांतली मुलं 'शिकाऊ' म्हणून गाडीभर करून गिरण्यांकडे पाठवली जात. १८३२ मध्ये संसदेच्या समितीपुढे कामगारांनी दिलेल्या साक्षी आजही वाचवत नाहीत. झोप लागू नये म्हणून मार, वाकलेले पाय, यंत्रात गेलेले हात.

शहरं फुगली, आयुष्य आखडलं

१८०१ मध्ये मँचेस्टरची लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात होती, १८५१ मध्ये सुमारे ३ लाख. त्या वर्षीच्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्सचे निम्म्याहून जास्त लोक शहरात राहत असल्याचं दिसलं. घरं उभी राहिली, पण गटारं आणि स्वच्छ पाणी आलं नाही. सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या एडविन चॅडविकने १८४२ च्या अहवालात मृत्यूच्या वेळचं सरासरी वय मांडलं: मँचेस्टरच्या कामगार कुटुंबांत ते १७ होतं आणि रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांत ३८. याचा अर्थ मँचेस्टरमध्ये सगळे सतराव्या वर्षी मरत होते असा नाही. पाच वर्षांच्या आतली मुलं इतक्या मोठ्या संख्येने दगावत होती की सरासरी तिथवर घसरली.

यंत्रं फोडणारे लोक अडाणी होते का?

१८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्यांनी रात्री टोळ्या करून यंत्रं फोडायला सुरुवात केली. लडाइट म्हणून ते ओळखले जातात, आणि 'प्रगतीला घाबरणारे' ही शिवी तेव्हापासून त्यांना चिकटली आहे. ही बदनामी चुकीची आहे. ते कुशल कारागीर होते आणि यंत्रांवरच काम करत होते. शिकाऊ, अकुशल माणसं लावून हलका माल काढणाऱ्या आणि त्या जोरावर मजुरी पाडणाऱ्या मालकांची यंत्रं त्यांनी निवडून फोडली. बोलायचे दुसरे रस्ते बंद होते. कामगारांनी एकत्र येऊन मजुरीची मागणी करणं १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी गुन्हा ठरवलं होतं. १८०८ मध्ये विणकरांची किमान मजुरीची मागणी संसदेने फेटाळली. यंत्रफोडीला सरकारचं उत्तर होतं १८१२ चा कायदा, ज्यात त्यासाठी फाशीची तरतूद झाली. कवी लॉर्ड बायरनने त्याविरुद्ध वरिष्ठ सभागृहात भाषण केलं, पण कायदा झालाच. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कमध्ये १७ जणांना फासावर चढवलं गेलं.

त्यांची भीती खरी ठरली का, हे हातमाग विणकरांकडे पाहिलं की कळतं. सुरुवातीला यंत्राने त्यांचं भलंच केलं. सूत स्वस्त झालं, विणकरांना मागणी आली, मजुरी वाढली, नवे लोक मागावर बसले. १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुमारे २,४०,००० हातमाग विणकर होते. मग यंत्रमाग आले: १८१३ मध्ये सुमारे २,४००, १८३३ पर्यंत १ लाख आणि १८५० पर्यंत अडीच लाख. १८०० च्या सुमारास मँचेस्टरजवळच्या बोल्टनच्या विणकराला आठवड्याला २५ शिलिंगांच्या आसपास मिळत. वीस वर्षांत ते १० शिलिंगांच्या खाली आले. एकच यंत्रयुग, एकच धंदा, आणि बापाला सुगी तर मुलाला उपासमार. 'नव्या नोकऱ्या तयार होतात' हे तेव्हाही खरं होतं. पण चाळिशीतल्या विणकराला ती नवी नोकरी मिळत नव्हती, ती मिळत होती त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला, त्याच्या मजुरीच्या एका तुकड्यावर.

इतकं उत्पादन वाढलं, मग पैसा गेला कुठे?

इथे एकच संज्ञा लक्षात ठेवू: खरी मजुरी. हातात पडलेल्या पैशातून प्रत्यक्षात किती वस्तू घेता येतात, ते मोजणारी मजुरी. रॉबर्ट ॲलन या आर्थिक इतिहासकाराच्या हिशोबानुसार १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन ४६ टक्के वाढलं, खरी मजुरी मात्र फक्त १२ टक्के. उरलेली वाढ मुख्यतः नफ्यात गेली. नफ्यातून नव्या गिरण्या आल्या, त्यातून आणखी नफा. या साठ वर्षांना ॲलनने 'एंगेल्सचा विराम' म्हटलं आहे, कारण कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगेल्स याने १८४० च्या दशकात मँचेस्टरमध्ये राहून पाहिलेली नेमकी हीच अवस्था लिहून ठेवली. तो स्वतः गिरणीमालकाचा मुलगा होता.

१८४० नंतर मजुरी उत्पादनाच्या जोडीने वाढू लागली. 'शेवटी भलं झालं' म्हणणारे इथपासूनचा आलेख दाखवतात. १७९० मध्ये गिरणीत गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीने हा आलेख वर जाताना पाहिला असेल, तर ती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची असेल. तितकं जगली तर.

"पण गरिबी तर आधीही होती"

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. १८०१ ते १८५१ मध्ये इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाखांवरून १ कोटी ७९ लाखांवर गेली. दुप्पट माणसं, आणि तरीही मजुरी कोसळली नाही. आधीच्या शतकांत लोकसंख्या इतकी वाढली असती तर अन्न महागून मजुरीचं मोल घसरलं असतं. यंत्रं नसती तर हाल आणखी झाले असते, हे मानायला जागा आहे. स्वस्त, धुता येणारं सुती कापड गरिबाच्या अंगावर आलं, हीही लहान गोष्ट नाही.

मी यंत्रांच्या विरोधात बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की यंत्र किती उत्पादन करेल हे यंत्र ठरवतं. त्यातलं कुणाला किती मिळेल, मूल किती तास राबेल, हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवणारा कायदा होता, बाजारातली ताकद होती आणि मतदानाचा हक्क कुणाला हा प्रश्न होता.

मग सुधारणा झाली कशी?

भांडून. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या प्रचंड सभेवर घोडेस्वार घातले गेले आणि डझनाहून जास्त माणसं मेली. ज्या मँचेस्टरवर देशाची संपत्ती वाढत होती, त्याला १८३२ पर्यंत संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. जवळजवळ ओसाड पडलेल्या ओल्ड सेरमला दोन होते.

मुलांच्या कामाचे तास ठरवणारे कायदे १८०२ आणि १८१९ मध्येच झाले होते, पण ते कागदावर राहिले. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, १३ वर्षांखालच्यांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि, सगळ्यात महत्त्वाचं, सरकारी निरीक्षक नेमले. सुरुवातीला अख्ख्या देशाला चारच. पण मालकाच्या दारात जाऊन वही उघडायला लावणारा माणूस पहिल्यांदा आला. १८४२ मध्ये खाणीत जमिनीखाली बायका आणि १० वर्षांखालचे मुलगे उतरवायला बंदी आली. १८४७ मध्ये कापड गिरण्यांत बायका आणि तरुणांसाठी १० तासांचा कायदा झाला. दर वेळी मालक म्हणत, धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. १८६७ मध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मत मिळालं, १८७१ मध्ये कामगार संघटना पूर्णपणे कायदेशीर ठरल्या, १८८० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं.

कापूस कुठून येत होता?

ही बाजू सोडली तर सगळा हिशोब खोटा ठरतो. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं आणि तिथली कापसाची शेती अफाट पसरली, गुलामांच्या श्रमावर. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने समुद्रापलीकडे सक्तीचे श्रम वाढवले.

आणि कापड खपत होतं ते भारतासारख्या बाजारात. ज्या देशाचं कापड रोखायला ब्रिटनने कायदे केले, त्याच देशात ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी मक्ता १८१३ मध्ये संपल्यावर मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांचं कापड ओतलं गेलं. स्वतःच्या बाजाराचं रक्षण करायची सत्ता इथल्या विणकरांकडे नव्हती. ब्रिटनमधल्या विणकराच्या मुलाला निदान गिरणी होती. इथल्या विणकराच्या वाट्याला बहुधा आधीच गर्दी असलेली शेती आली.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली: उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही. १८८१ चा भारतातला पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता, आणि त्यामागे मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या मालकांचाही दबाव होता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

"पण आजची गोष्ट वेगळी आहे"

आहेच. आज मताधिकार आहे, कायदे आहेत, शिक्षण आहे, आणि बदलाचा वेगही कितीतरी जास्त आहे. पण एक फरक उलट दिशेचा आहे आणि मला तो सगळ्यात काळजीचा वाटतो. कारखान्याने माणसांना राबवलं, पण एका छपराखाली आणलं. हजार माणसं एका भोंग्याला आत जात आणि एका भोंग्याला बाहेर पडत. फाटकावर सभा घेता येत होती, संप करता येत होता, निरीक्षकाला जायला एक पत्ता होता. आजचं काम उलट विखुरतं आहे. प्रत्येक जण आपापल्या फोनवर, दर ठरवणारा प्रोग्राम दिसत नाही, आणि काम देणारी कंपनी म्हणते की हे आमचे कर्मचारीच नाहीत, भागीदार आहेत. अशा कामाचे तास कुणी मोजायचे, किमान दर कुणी ठरवायचा आणि निरीक्षकाने जायचं कुठे, यावर अनेक देशांच्या संसदांत आणि न्यायालयांत आत्ता भांडण चालू आहे. १८३३ मध्ये हेच भांडण चार निरीक्षकांपासून सुरू झालं होतं.